दवाखान्याला रॅम्प आहे. वेबसाइटला आहे का?



आजचा लेख कोणत्याही आजारावर नाही. पण तो लिहावासा वाटला तो ओपीडीतल्या एका प्रसंगामुळेच.

मालेगाव तालुक्यातल्या (नाशिकचे नव्हे, आपल्या वाशिमचे मालेगाव) एका गावातून एक ताई दाखवायला आल्या होत्या. त्यांना रेटिनायटिस पिगमेंटोसा हा डोळ्यांचा आजार आहे. यात डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशी वर्षानुवर्षे हळूहळू निकामी होत जातात. ताईंना आता उजेड-अंधार एवढेच कळते. पण मोबाइल मात्र त्या माझ्यापेक्षा सफाईने वापरतात. फोनमध्ये टॉकबॅक नावाची सोय चालू केलेली आहे. स्क्रीनवर बोट ठेवले की तिथे जे लिहिले असेल ते फोन मराठीत वाचून दाखवतो. मेसेज, फोन, पैसे पाठवणे, एसटीची चौकशी, सगळे त्या स्वतः करतात.

त्यांनी एका लॅबमध्ये रक्त तपासले होते. रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर आला, पण कागदाचा फोटो काढून पाठवलेला. फोन एवढेच म्हणाला, "फोटो." लॅबच्या वेबसाइटवर रिपोर्ट पाहायचा तर आधी चित्रातली वेडीवाकडी अक्षरे ओळखून टाइप करायची होती. घरातले सगळे सोयाबीनच्या कामाला शेतात. शेवटी त्यांनी शेजारच्या मुलाला बोलावले. तपासणी कोणती होती ते मी इथे सांगणार नाही. शेजारीपाजारी कळू नये अशी होती, एवढे पुरे.

"साहेब, माहा रिपोर्ट माह्याआधी शेजारच्या पोरानं वाचला," ताई म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीले माहीत झालं."

पेशंटची गोष्ट गुप्त ठेवणे ही डॉक्टरकीतली पहिली शिकवण. इथे ना डॉक्टरने तोंड उघडले, ना लॅबच्या कोणी. तरी गुपित फुटले. फुटले ते एका फोटोमुळे आणि एका वेबसाइटमुळे. माझ्या मते ही तांत्रिक अडचण नाही. ही उपचारातली चूक आहे आणि ती आपण डॉक्टरमंडळींनी आपली म्हणून मान्य केली पाहिजे.

अपंगत्व शरीरात असते की दारात?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. पण त्याहून महत्त्वाची आहे त्यातली व्याख्या. कायदा म्हणतो की दीर्घकाळ टिकणारी शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा संवेदनांची उणीव आणि समोर येणारे अडथळे, या दोन्हींमुळे माणसाला इतरांच्या बरोबरीने समाजात वावरता येत नाही. म्हणजे निम्मा भाग शरीराचा, निम्मा भाग अडथळ्याचा.

ताईंच्या पडद्यावर आज माझ्याकडे उपाय नाही. पण त्यांचा रिपोर्ट फोटोऐवजी वाचता येईल अशा मजकुरात आला असता, तर त्या दिवशी रिपोर्ट वाचण्यापुरते त्यांना कोणतेच अपंगत्व नव्हते. पायऱ्यांच्या जागी रॅम्प केला की व्हीलचेअरवरचा माणूस जसा आपोआप आत येतो, तसेच हे आहे. दवाखान्याला रॅम्प हवा हे आता सगळ्यांना पटले आहे. वेबसाइट हेही दवाखान्याचे दारच आहे, हे अजून पटायचे आहे.

"असे पेशंट असतात तरी किती?"

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख, तर महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. ती मोजणी जुन्या, कमी प्रकारांनुसार झाली होती. आपल्या विदर्भात आढळणारा सिकलसेल, पार्किन्सन्स, अॅसिड हल्ल्यातील जखमा हे सगळे कायद्याच्या यादीत आले ते २०१६ साली.

पण मला आकड्यांपेक्षा माझ्या बाकावर बसलेली माणसे जास्त पटवून देतात. यातले बरेच जण स्वतःला दिव्यांग म्हणवून घेत नाहीत. मधुमेहाने पडद्यावर परिणाम झालेले काका. मोतीबिंदूचे ऑपरेशन "दिवाळीनंतर पाहू" म्हणून पुढे ढकलणारी आजी. पार्किन्सन्समुळे हात थरथरणारे निवृत्त गुरुजी, ज्यांचे बोट 'हो' वर जाता जाता 'नाही' वर पडते. पक्षाघातानंतर एकाच हाताने फोन धरणारा आणि त्याच हाताने दाबणारा तरुण शेतकरी. आमवाताने बोटे वाकलेली बाई. लहानपणापासून ऐकू न येणारा मुलगा, ज्याला आरोग्य खात्याचा व्हिडिओ दिसतो पण त्यातले शब्द कळत नाहीत. आणि चाळिशी ओलांडलेले आपण सगळेच, चष्मा घरी विसरलो की.

थोडक्यात, हा 'त्यांचा' प्रश्न नाही. आयुष्य पुरेसे लांबले तर तो प्रत्येकाच्या घरी येतो.

वेबसाइट नेमकी कुठे अडवते?

न दिसणारी व्यक्ती फोन किंवा कॉम्प्युटर स्क्रीन रीडरच्या मदतीने वापरते. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आणि कॉम्प्युटरवर एनव्हीडीए ही त्यातली ओळखीची नावे. एनव्हीडीए पूर्णपणे मोफत आहे. मायकेल करन आणि जेम्स तेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन तरुणांनी २००६ साली ते काम सुरू केले, आणि ते दोघेही दृष्टिहीन आहेत. म्हणजे साधने आहेत, फुकट आहेत, मराठी बोलणारीही आहेत. अडते ते आपण बनवलेल्या पानांवर.

फोटोतला मजकूर: स्क्रीन रीडर अक्षरे वाचतो, चित्र नाही. शिबिराची तारीख, औषधाचा डोस, रिपोर्टमधला आकडा चित्रात असेल तर त्याच्यासाठी पान कोरे. नवे फोन आता चित्रातली अक्षरे ओळखून सांगू लागले आहेत, पण हिमोग्लोबिनच्या आकड्यातला दशांश चुकून चालणार नाही.

नाव नसलेली बटणे: डोळ्यांना भिंगाचे चित्र दिसते, आपण 'शोधा' समजतो. बनवणाऱ्याने त्या बटणाला आतून नावच दिले नसेल तर फोन फक्त "बटण, बटण, बटण" म्हणत राहतो. फॉर्ममधल्या रिकाम्या चौकटींचेही तेच. कुठे नाव भरायचे आणि कुठे आधार क्रमांक, हे कळत नाही.

कॅप्चा आणि घड्याळ: वेडीवाकडी अक्षरे ओळखा, तीही दोन मिनिटांत, नाहीतर पुन्हा सुरुवातीपासून. दृष्टिहीनाला पहिली अट अडवते. थरथरत्या हाताला आणि हळू वाचणाऱ्याला दुसरी.

फक्त रंगाने दिलेली खूण: "लाल रंगातील माहिती भरणे आवश्यक आहे." लाल-हिरवा रंग न ओळखू शकणारे पुरुष आपल्यात बरेच आहेत. कित्येकांना ते स्वतःलाही माहीत नसते.

फिकट आणि बारीक अक्षरे: पांढऱ्यावर राखाडी अक्षरे डिझाइनमध्ये छान दिसतात, पण मोतीबिंदूच्या डोळ्याला ती दिसतच नाहीत. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या अक्षरांचा आणि पार्श्वभूमीचा फरक किमान ४.५ : १ हवा. तो मोजणारी मोफत साधने इंटरनेटवर आहेत.

आता खास मराठीतला अडथळा. आपल्याकडची कितीतरी पत्रके, अर्ज आणि आदेश दोन प्रकारे टाकले जातात. एक तर सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून, म्हणजे पुन्हा फोटोच. नाहीतर जुन्या पद्धतीच्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करून. अशा फॉन्टमध्ये डोळ्यांना 'रुग्णालय' दिसते, पण कॉम्प्युटरच्या पोटात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा काला असतो. स्क्रीन रीडर तो कालाच वाचतो. याची परीक्षा कोणीही घरी करू शकतो. पीडीएफमधली एक ओळ निवडून कॉपी करा आणि व्हॉट्सअॅपमध्ये चिकटवा. ओळ निवडताच आली नाही किंवा भलतेच काही उमटले, तर तो कागद दृष्टिहीन माणसासाठी नाहीच असे समजा.

देशातल्या अनेक जिल्ह्यांची सरकारी संकेतस्थळे आज केंद्राच्या 'एस-थ्री-वास' या तयार सांगाड्यावर चालतात. त्या नावातला एक 'एस' हा 'सुगम्य'चा आहे. अक्षरे मोठी करणे, रंगांचा फरक वाढवणे या सोयी त्यात आहेत, आणि ते चांगलेच आहे. पण चांगल्या सांगाड्यात स्कॅन केलेला कागद टाकला, तर रॅम्प बांधून वर दाराला कुलूप लावल्यासारखे होते. सुगम्यता एकदा बांधून संपत नाही. ती रोज कागद टाकणाऱ्याच्या हातात असते.

कोविडमध्ये काय झाले, आठवते का?

२०२१ साली १८ ते ४४ वयोगटाच्या लसीसाठी कोविन पोर्टलवर नोंदणी करणे भाग होते. ३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने त्या पोर्टलमधल्या त्रुटी एकेक करून नोंदवल्या. कॅप्चाला आवाजाचा किंवा साध्या मजकुराचा पर्याय नाही. वय, लसीचे नाव, मोफत की विकत, हे निवडण्याची सोय दृष्टिहीनांना वापरता येत नाही. माउसशिवाय, फक्त कीबोर्डने पोर्टल चालत नाही. आणि वेळ संपून आपोआप बाहेर फेकले जाण्याची भीती.

डॉक्टर म्हणून विचार करा. साथ सुरू आहे, लस आली आहे, केंद्र गावाजवळ आहे, आणि माणूस अडकला आहे तो एका बटणावर. त्या बटणाला मी आरोग्याचा प्रश्न म्हणणार नाही तर कशाला म्हणू?

कायदा काय सांगतो?

२०१६ च्या कायद्यानुसार माहिती आणि सेवा सर्वांना वापरता येतील अशा स्वरूपात देणे हे सरकारचे काम आहे, आणि सेवा देणाऱ्या खासगी संस्थाही त्यातून सुटत नाहीत. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी ५० हजार ते ५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

तरीही वर्षानुवर्षे नियम 'शिफारशी'सारखे वापरले गेले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हीच गोष्ट पकडली. कायदा सक्ती करतो आणि नियम फक्त मार्गदर्शन करतात, हे चालणार नाही, असे सांगून न्यायालयाने तो नियम रद्द ठरवला आणि सक्तीचे निकष तीन महिन्यांत ठरवण्यास केंद्राला सांगितले.

मग ३० एप्रिल २०२५ चा निकाल आला. अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांच्या याचिकांवर तो दिला गेला. बँक खात्यासाठी ऑनलाइन ओळख पटवताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायला सांगतात. हल्ल्यात डोळे आणि पापण्या जळालेल्या बाईने ते कसे करावे? न्यायालयाने २० निर्देश दिले आणि डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे स्पष्ट केले.

जगण्याचा हक्क हा शब्द मोठा वाटेल. पण अपॉइंटमेंट, रिपोर्ट, विमा, दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज, सगळेच ऑनलाइन झाल्यावर तो शब्द मोठा राहत नाही, अगदी रोजचा होतो.

"घरचे असतात ना मदतीला?"

सगळ्यात जास्त ऐकू येणारा युक्तिवाद हा. मदत करणारे असतात, खरे आहे. आपल्या भागात शेजारधर्म अजून टिकून आहे, त्याचा मला अभिमानच आहे. पण मदत लागणे वेगळे आणि मदतीवाचून पर्यायच नसणे वेगळे.

दुसऱ्याच्या हातात फोन दिला की त्याबरोबर ओटीपी जातो, बँकेचा पासवर्ड जातो, आजाराचे नाव जाते. फसवणुकीच्या किती कहाण्या इथूनच सुरू होतात. शिवाय काही गोष्टी घरच्यांनाच सांगायच्या नसतात. घरात मारहाण होत असलेली बाई मदतीचा नंबर कोणाकडून वाचून घेणार? नैराश्याने ग्रासलेला मुलगा मानसोपचाराची माहिती कोणाला शोधायला सांगणार? आणि ज्याच्या सोबत यायला कोणीच मोकळे नाही, त्याची रिसोडहून किंवा मानोऱ्याहून वाशिमला होणारी खेप? एका दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे जाते, आणि कळते की आज डॉक्टर नाहीत. ही सूचना वेबसाइटवर होती, चित्रात.

दुसरा युक्तिवाद खर्चाचा. घर बांधताना दार रुंद ठेवायला फार खर्च येत नाही. बांधून झाल्यावर भिंत फोडायला येतो. वेबसाइटचेही तसेच. बटणाला नाव देणे, चित्राखाली दोन ओळी लिहिणे, मजकूर युनिकोडमध्ये टाइप करणे हे पहिल्याच दिवशी केले तर मिनिटांचे काम आहे. फायदाही सगळ्यांचाच होतो. ठळक अक्षरे उन्हात उभ्या शेतकऱ्यालाही वाचता येतात. साधा मजकूर कमी नेटवर्कमध्ये फोटोपेक्षा लवकर उघडतो.

आपला वाशिम हा देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. मोठ्या हॉस्पिटलसारखी मशीन आणायला आपल्याला वेळ लागेल, पैसा लागेल. पण रिपोर्ट वाचता येईल असा पाठवायला काय लागते?

कोणी काय करावे?

लॅब, दवाखाने, औषध दुकाने: रिपोर्ट फोटो काढून पाठवू नका. कॉम्प्युटरमधून तयार झालेली मूळ पीडीएफ पाठवा. पेशंटला दिसत नसेल तर महत्त्वाचे आकडे साध्या मेसेजमध्ये टाइप करा, आणि ते त्यांच्याच नंबरवर पाठवा.

शाळा, ग्रामपंचायती, संस्था: वेबसाइट बनवून घेताना कामाच्या यादीत लिहूनच द्या की ती स्क्रीन रीडरवर आणि माउसशिवाय चालली पाहिजे. पैसे देण्याआधी एका दृष्टिहीन व्यक्तीला ती वापरून पाहायला सांगा, आणि त्या कामाचा मोबदलाही द्या. बनवणाऱ्यांसाठी वर सांगितलेली आंतरराष्ट्रीय तत्त्वे आहेत, आणि सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत. सोप्या भाषेत त्यांचे सार चार ओळींचे: दिसत नसेल तर ऐकू यावे, ऐकू येत नसेल तर वाचता यावे, हात कसाही चालो, वापरता यावे, भाषा समजावी, आणि कोणत्याही फोनवर चालावे.

व्हिडिओ बनवणारे: खाली मराठी अक्षरे द्या. जन्मतः ऐकू न येणाऱ्यांची पहिली भाषा बहुधा खुणांची असते, म्हणून वाक्ये छोटी ठेवा.

पेशंट आणि घरची मंडळी: अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये 'अॅक्सेसिबिलिटी' किंवा 'सुलभता' असा भाग असतो. अक्षरे मोठी करणे, स्क्रीनचा भाग भिंगासारखा मोठा करून पाहणे आणि टॉकबॅक या सोयी तिथे सापडतात. टॉकबॅक चालू केल्यावर फोन वापरण्याची पद्धत बदलते. एकदा बोट लावले की फोन वाचतो, दोनदा पटकन टिचकी मारली की उघडतो. पहिले दोन-तीन दिवस गोंधळ होतो. म्हणून बंद कसे करायचे ते आधी शिकून घ्या आणि मगच आजीच्या फोनवर चालू करा. नजर परत येण्यासारखी असेल तर अर्थातच आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. टॉकबॅक हा मोतीबिंदूवरचा उपचार नव्हे!

आणि अडले तर तक्रार करा. आधी त्या संस्थेला लेखी कळवा. कोणते पान, कोणते बटण, फोन काय बोलला, एवढे लिहिले तरी पुरते. दाद लागली नाही तर पुण्यात राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत. अशा तक्रारींची चौकशी करण्याचा अधिकार त्यांना कायद्याने दिला आहे. डिसेंबर २०२२ पासून महाराष्ट्रात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही आहे.

आणि आता माझी स्वतःची कबुली

ताई गेल्यावर मी माझाच ब्लॉग फोनवर उघडला, टॉकबॅक चालू केला आणि डोळे मिटले. मधुमेहाच्या आहाराचा माझा सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख. 'काय खावे, काय टाळावे' हा तक्ता मी हौसेने रंगीत चित्रात बनवला होता. हिरवे म्हणजे खा, लाल म्हणजे टाळा. फोन म्हणाला, "इमेज." आणि पुढच्या परिच्छेदावर गेला. मधुमेहाने ज्यांची नजर गेली, नेमक्या त्यांच्यासाठीच मी ते पान कोरे ठेवले होते.

तो तक्ता आता मजकुरात लिहिला आहे. बाकीच्या जुन्या लेखांतली चित्रेही एकेक करून बदलतो आहे, थोडा वेळ लागेल. लॅबच्या मालकांशीही बोललो. त्यांच्या मनात खोट नव्हती, हे कोणी सांगितलेच नव्हते. आता ते मूळ पीडीएफ पाठवतात. ताईंचा पुढचा रिपोर्ट त्यांनी स्वतः ऐकला आणि मग मला फोन केला.

आपल्यापैकी कोणाला हा ब्लॉग वाचताना, किंवा ऐकताना, कुठे अडले तर जरूर कळवा. तेवढी जागा दुरुस्त करणे हेही माझ्या प्रॅक्टिसचेच काम आहे.